लोखंडातला नंबर आणि कागदातला मालक

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एका जुन्या मोटारीच्या नोंदणीसाठी अर्ज आला. गाडी १९३८ ची, फ्रेंच बनावटीची टॅल्बो-लागो टी १५० सी एसएस. चासी नंबर ९०१०८. अर्ज करणाऱ्या कंपनीने आदल्याच वर्षी ती जवळजवळ ७० लाख डॉलर मोजून घेतली होती, आणि कंपनीच्या नावातही हाच नंबर घातलेला होता. सरकारी खात्याने रिवाजाप्रमाणे नंबर तपासायला घेतला आणि तो चोरीच्या वाहनांच्या यादीत निघाला. चोरीची तक्रार पंधरा वर्षांची जुनी होती. मिलवॉकी शहरातल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून मार्च २००१ मध्ये ही गाडी गेली होती.

गाडी म्हणजे त्या वेळी नुसता सांगाडा होता. मालकाने १९६० च्या दशकात ती घेतली, दुरुस्तीसाठी खोलली आणि मग ती वर्षानुवर्षे तशीच सुट्या भागांत पडून राहिली. पॅरिसच्या फिगोनी आणि फलास्की या बॉडीकारांनी घडवलेला तिचा आकार टपकू पाहणाऱ्या थेंबासारखा. अशा गाड्या जगात जेमतेम दीड डझन झाल्या. चोरांनी बॉडी नेली, इंजिनाचे भाग नेले आणि सोबत गाडीचे कागदपत्रही उचलले. यावरून चोरांची जाण दिसते. कागदाविना ही गाडी म्हणजे महागडे भंगार, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

जुन्या गाड्यांच्या व्यवहारात दोन प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले असतात की भले भले संग्राहकही त्यांची गल्लत करतात. ही गाडी कोणती, हा पहिला. ही गाडी कोणाची, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर लोखंडात शोधायचे असते, दुसऱ्याचे कागदात. मराठी माणसाला हे सातबाऱ्यावरून चटकन समजेल. गट नंबर जमीन कोणती ते सांगतो. सातबाऱ्यावरचे नाव महसूल कोणाकडून घ्यायचा ते सांगते. मालकी मात्र खरेदीखतांच्या साखळीवर ठरते, आणि तलाठ्याने फेरफार ओढला म्हणून कोणी मालक होत नाही. गाडीचा चासी नंबर, आरसी बुक आणि खरेदीच्या पावत्या यांचे नाते नेमके असेच आहे.

आजच्या गाडीत नंबराचा घोळ फारसा होत नाही. दरवाजाच्या खांबावर किंवा काचेखाली सतरा अक्षरांचा एक क्रमांक असतो. १९८१ पासून अमेरिकेत तो सक्तीने एकाच साच्यात आला आणि पुढे जगभर रुळला. त्यात इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. अमेरिकी पद्धतीत नववे अक्षर पडताळणीचे असते. बाकीच्या अक्षरांना ठरावीक किमती देऊन गणित केले की ते यायलाच हवे, नाही आले तर नंबर खोटा किंवा चुकीचा उतरवलेला. भारतीय गाड्यांचे नंबर ‘एमए’सारख्या अक्षरांनी सुरू होतात. ‘एमए३’ दिसले की मारुती सुझुकी, ‘एमएटी’ दिसले की टाटा.

१९८१ च्या आधी मात्र ज्याचा त्याचा कारभार होता. कोणी पाच आकडे टाकी, कोणी अक्षरे आणि आकडे मिसळून टाकी, कोणी मॉडेल बदलले की पुन्हा एकपासून मोजणी सुरू करी. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन वेगळ्या गाड्यांवर एकच आकडा असू शकतो, आणि त्यात कुणाचीही लबाडी नसते. इंग्लंडातल्या एमजी कंपनीची तर न्यारीच रीत. ॲबिंग्डन इथल्या तिच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर होता २५१, म्हणून गाड्यांचे चासी नंबर ०२५१ पासून सुरू करायचे असा प्रघात पडला. १९४५ ते १९४९ या काळात निघालेल्या एमजी टीसीची पहिली गाडी त्यामुळे टीसी ०२५१ आहे. हे ठाऊक नसलेला एखादा विक्रेता टीसी ०१०० दाखवून ‘अगदी सुरुवातीची गाडी आहे’ म्हणाला, तर जाणकार गिऱ्हाईक चहा संपवून उठतो. रोल्स-रॉइसच्या याद्यांत १३ हा आकडा गाळलेला असतो. अशा खोडी माहीत असणे म्हणजे अर्धी तपासणी झाली असे समजायला हरकत नाही.

फोर्डच्या मॉडेल टीमुळे तर वेगळाच पेच झाला. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या वर गाड्या निघाल्या आणि त्यांची ओळख धरली गेली ती इंजिनावरच्या नंबराने. हा नंबर ब्लॉकच्या डाव्या अंगाला, पाणी आत जाते त्या तोंडाच्या वर ठोकलेला असतो. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांनी तोच मालकीच्या कागदावर लिहिला. पण इंजिन ही बदलण्याची वस्तू. शेतकऱ्याने १९३० मध्ये गावच्या मेकॅनिककडून दुसरे इंजिन बसवून घेतले की कागदावरची गाडी जुन्या इंजिनाबरोबर भंगारात गेली, आणि अंगणातली गाडी बिननावाची झाली. नंतरच्या मॉडेल ए मध्ये इंजिनाचा नंबर चासीच्या डाव्या पट्टीवरही ठोकलेला असे, दोन्ही टोकांना एकेक चांदणी मारून. पण ती जागा बॉडीच्या खाली दडते. ती पाहायची तर बॉडी उचलावी लागते. त्यामुळे पूर्ण रिस्टोरेशनसाठी गाडी खोलल्यावर मालकाला प्रथमच कळते की वरचा नंबर एक आणि खालचा दुसराच. इतकी वर्षे कोणी बॉडी उचललीच नव्हती.

नंबर शोधण्याच्या कामात घाई करणारा हमखास फसतो. चासीवर ऐंशी वर्षांचे ग्रीस, धूळ, चार थर रंग आणि त्याखाली गंज. ग्राइंडर लावला तर नंबर गंजासकट निघून जातो, आणि मग मालक घरच्या घरी स्वतःच्या गाडीचा पुरावा नष्ट करून मोकळा होतो. मुरलेले मेस्त्री आधी रॉकेलचा बोळा रात्रभर ठेवतात, मग पितळी ब्रशने हलक्या हाताने घासतात, शेवटी बारीक पॉलिश पेपर फिरवतात. मग टॉर्च समोरून न धरता बाजूने, अगदी तिरका धरायचा. सपाट दिसणाऱ्या पत्र्यावर आकड्यांच्या कडांची सावली पडते आणि ‘३’ कुठे संपतो, ‘८’ कुठे सुरू होतो ते दिसू लागते. खडूची भुकटी चोळली तर खोबणीत ती अडकून राहते.

आपल्याकडच्या आरटीओत यासाठी जी युक्ती रूढ आहे तिला तोड नाही. चासी नंबरावर पातळ कागद धरायचा आणि त्यावर शिसपेन्सिल आडवी फिरवायची. खाली खोलगट असलेले आकडे कागदावर पांढरे उमटतात. याला ‘पेन्सिल प्रिंट’ म्हणतात, आणि हस्तांतराच्या फॉर्मावर ती चिकटवून द्यावी लागते. फोटोत उजेडाची लबाडी करता येते, ठशात आकड्यांची उंची, त्यांच्यातले अंतर आणि पंचाचा बाज जसाच्या तसा उतरतो. मूळ कारखान्यातला कामगार एकेक पंच हातोडीने ठोकत असे, त्यामुळे जुन्या खऱ्या नंबरातले आकडे थोडे वरखाली, थोडे तिरके असतात. एका ओळीत, एका खोलीचे, सुबक नंबर दिसले की जुनी गाडी पाहणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते.

पाटी आणि पंच यांत फरक करायला शिकणे ही पुढची पायरी. इंजिनाजवळच्या आडव्या पत्र्यावर, ज्याला बल्कहेड म्हणतात, बहुतेक ब्रिटिश गाड्यांना पितळी किंवा ॲल्युमिनियमची पाटी रिव्हेट केलेली असते. तिच्यावर चासी नंबर, इंजिन नंबर, कधी कधी बॉडीचाही नंबर. पाटी दिसायला देखणी आणि वाचायला सोपी, पण ती दोन रिव्हेट तोडून एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर नेता येते. एमजी टीसीच्या इंजिनाचा नंबर तर अष्टकोनी छोट्या पाटीवर असतो. ज्या गाडीवर ती पाटी आहे त्या गाडीतच ते इंजिन जन्मले, याचा तो पुरावा होत नाही. चासीच्या पुढच्या टोकाला, ज्याला डंब आयर्न म्हणतात, तिथे लोखंडातच ठोकलेला नंबर पाटीशी जुळला तर बोलणी पुढे न्यावीत. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६५ पासून नंबराची पाटी फुलाच्या आकाराच्या खास रिव्हेटांनी बसवायला सुरुवात केली. साधे गोल रिव्हेट दिसले की ती पाटी नंतर हाताळली गेली, हे बाजारातला पोरगाही सांगतो.

नंबर घासून काढला असेल तरी सगळे संपत नाही. पंच मारताना केवळ वरचा थर खचत नाही, त्याखालच्या पोलादाचे कणही दाबले जातात. आकडा दिसेनासा होईपर्यंत घासला तरी तो दबलेला भाग खाली शिल्लक असतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तिथे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि क्युप्रिक क्लोराइडचे एक द्रावण पुन्हा पुन्हा फिरवतात. त्याला फ्राय यांच्या नावाने ओळखतात. दबलेले पोलाद आणि न दबलेले पोलाद वेगवेगळ्या गतीने झिजते, आणि काही मिनिटांपुरता हरवलेला आकडा भुतासारखा वर येतो. तेवढ्यात फोटो घ्यायचा. चोरीच्या मोटारींच्या तपासात पोलीस हे तंत्र सर्रास वापरतात. गंजाने झिजलेल्या प्रामाणिक गाडीलाही ते लागू पडते, फक्त ते प्रयोगशाळेतच करावे आणि सापडलेला नंबर आरटीओच्या परवानगीनेच पुन्हा पंच करून घ्यावा. गॅरेजात बसून स्वतः ठोकलेला नंबर खरा असला तरी खोट्याच्या पंगतीला जाऊन बसतो.

नंबर सापडला की तो कुठे तरी नोंदवलेला असायला हवा. इथे ब्रिटिश लोकांच्या टापटिपीचे कौतुक करावेसे वाटते. रोल्स-रॉइसच्या गाड्यांची चासी कार्डे नॉर्थॅम्प्टनशरमधल्या हंट हाउस इथे रोल्स-रॉइस एंथुझिअस्ट्स क्लबकडे आहेत. मॉरिस, ऑस्टिन, एमजी यांसारख्या गाड्यांच्या कारखान्यातल्या नोंदींवरून गेडन इथले ब्रिटिश मोटर म्युझियम प्रमाणपत्र देते. बुगाटीची कागदपत्रे प्रेस्कॉट इथल्या बुगाटी ट्रस्टकडे मिळतात. गाडी कारखान्यातून कोणत्या तारखेला निघाली, कोणत्या रंगात, कोणत्या इंजिनासह आणि कोणत्या विक्रेत्याकडे गेली, एवढे अशा कागदांतून कळते. त्यानंतर ती कोणाकोणाच्या हाती गेली, ते त्या कार्डावर नसते. तरीही बाजारात असे प्रमाणपत्र दाखवून ‘पेपर क्लिअर आहेत’ म्हणणारे खूप भेटतात.

भारतातल्या गाड्यांत आणखी एक गुंता आहे. रोल्स-रॉइस, बेंटली यांसारख्या कंपन्या फक्त चासी आणि इंजिन विकत, बॉडी गिऱ्हाईक वेगळ्या कारागिराकडून बांधून घेई. बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबर्ली ही संस्थानिकांच्या लाडक्या बॉडीकारांची नावे. या कारागिरांचा बॉडी नंबर वेगळा. तेव्हा एकाच गाडीला चासीचा एक, इंजिनाचा एक, बॉडीचा एक आणि वर सरकारी पाटीचा एक असे चार नंबर असू शकतात, आणि चारही खरे असतात. दुसरीकडे, जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणी सुरू केली आणि १९५४ पर्यंत शेव्हर्ले वगैरे गाड्या परदेशातून सुट्या भागांत येऊन इथे जोडल्या गेल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये डॉज आणि प्लिमथ अशाच जुळू लागल्या. अशा गाडीची जन्मकुंडली डेट्रॉइटच्या वहीत सबंध सापडेलच असे नाही. मुंबईत जोडलेल्या गाडीचा नंबर अमेरिकी यादीत बसत नाही म्हणून तिला नकली ठरवणाऱ्या परदेशी तज्ज्ञाला शिवडीची गोष्ट सांगावी लागते.

ओळखीचा प्रश्न किती टोकाला जाऊ शकतो, हे १९९० च्या लंडनमधल्या एका खटल्याने दाखवले. ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली स्पीड सिक्स जातीची शर्यतीची गाडी. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मॉंची चोवीस तासांची शर्यत तिने जिंकली. पुढे तिच्यात आठ लिटरचे इंजिन आले. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ती कोसळली आणि चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला. गाडी पुन्हा बांधली, पुन्हा बदलली. १९९० मध्ये एका कंपनीने ती १ कोटी पौंडांना घेण्याचे कबूल केले आणि मग अंग काढून घेतले. त्यांचे म्हणणे, शर्यत जिंकलेल्या गाडीतले आता उरले तरी काय?

खरोखरच फारसे उरले नव्हते. १९३० च्या गाडीतली गिअरबॉक्सची केसिंग, स्टिअरिंग कॉलम असे मोजके भाग. न्यायमूर्ती ऑटन यांनी तपशिलाने सगळे ऐकून घेतले आणि खरेदीदाराच्या विरोधात निकाल दिला. त्यांच्या मते जन्मापासून आजवर या गाडीचा धागा कुठेही तुटलेला नाही, प्रत्येक बदल तिच्यावरच झाला आहे, आणि तिच्या जागेवर हक्क सांगणारी दुसरी गाडी अस्तित्वात नाही. ‘मूळ’ हा शब्द तिला लागू पडणार नाही, पण खरी ओल्ड नंबर वन तीच. व्यवहार पुरा करण्याचा हुकूम झाला. जुन्या गाड्यांच्या जगात हा निकाल आजही वादात पुढे केला जातो, आणि तो तर्काला धरून आहे. भाग बदलत राहतात, ओळख टिकते ती सलग इतिहासाने.

धागा मधेच दुभंगला तर मात्र पंचाईत. बुगाटीत इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा-मागचा ॲक्सल या सगळ्यांवर वेगवेगळे बारीक नंबर असत. अपघात झालेल्या गाडीचे इंजिन एकाने नेले, चासी दुसऱ्याने, आणि पन्नास वर्षांनी दोघांच्या नातवंडांकडे एकाच नंबराची एकेक ‘खरी’ गाडी उभी राहते. जाँ बुगाटी यांची काळी टाइप ५७ एससी अटलांटिक, चासी नंबर ५७४५३, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत १९४० पासून बेपत्ता आहे. उद्या कोणी हा आकडा ठोकलेली चासी घेऊन आला तर जगातला कुठलाही लिलावदार आकड्याकडे नंतर पाहील, आधी विचारील की बाबा रे, मधली वर्षे ही कुठे होती?

तिथून मालकीच्या प्रांतात शिरावे लागते. इंग्लंडात १९२१ पासून गाडीला लॉगबुक असे आणि त्यात एकामागून एक मालकांची नावे चढत. जुने, रकाने भरलेले लॉगबुक हाती लागणे म्हणजे भाग्यच. आजच्या ब्रिटिश नोंदणीपत्रावर मात्र हा मालकीचा पुरावा नव्हे, असे ठळक छापलेले असते. त्यात गाडी ‘बाळगणाऱ्या’चे नाव आहे, बस. १९८३ मध्ये तिथल्या संगणकावर न चढलेल्या जुन्या नोंदी बंद झाल्या. तेव्हा हुकलेला मूळ नंबर परत मिळवायचा तर मान्यताप्राप्त क्लबाच्या शिफारशीने, जुना पुरावा जोडून अर्ज करावा लागतो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत कागद नसलेल्या गाडीसाठी हमीपत्राची वाट आहे. गाडीच्या किमतीच्या, बहुधा दीडपट, रकमेची हमी द्यायची, आणि ठरावीक वर्षांत दुसरा कोणी हक्क सांगत आला नाही तर कागद पक्का होतो.

कोणी हक्क सांगत आला तर काय होते, हे फेरारी ३७५ प्लस, चासी ०३८४ एएम, हिच्या मालकांना विचारावे. १९५४ च्या शर्यतींत धावलेली ही गाडी ओहायोतल्या एका गृहस्थाने १९५८ मध्ये २,५०० डॉलरला घेतली आणि ती त्याच्या घराबाहेर ट्रेलरवर पडून राहिली. १९८० च्या दशकात ती चोरीला गेली, अटलांटामार्गे बेल्जियमला पोहोचली आणि १९९० मध्ये झाक स्वाटर्स या नामांकित फेरारी विक्रेत्याने ती विकत घेतली. गंमत अशी की गाडी युरोपात, पण तिचे कितीतरी सुटे भाग आणि कागद ओहायोतच. चोराला सगळे नेता आले नव्हते. त्यामुळे एका बाजूकडे गाडी, दुसऱ्या बाजूकडे पुरावा, आणि दोघांनाही दुसऱ्याशिवाय ती नीट विकता येईना. तडजोडी झाल्या, मोडल्या, पुन्हा झाल्या. शेवटी सगळ्या दावेदारांनी मिळून गाडी आणि भाग २०१४ मध्ये गुडवुडच्या लिलावात काढले, १ कोटी ७ लाख पौंडांच्या वर किंमत आली. त्यानंतरही पुन्हा लंडनच्या कोर्टात प्रकरण गेलेच.

१९३५ ची मर्सिडीज ५०० के घ्या. जर्मनीतल्या बटणांच्या एका कारखानदाराची ही गाडी १९४५ मध्ये, युद्ध संपताना नाहीशी झाली. २०११ मध्ये ती कॅलिफोर्नियातल्या लिलावात सुमारे ३७ लाख डॉलरला एका डच संग्राहकाने घेतली. पुढच्याच वर्षी एसेनच्या प्रदर्शनात ठेवायला म्हणून ती जर्मनीत नेली आणि तिथे ती जप्त झाली. जर्मन न्यायालयाने कारखानदाराच्या वारसांची बाजू घेतली. पैसे मोजणाऱ्याने खोटेपणा केला नव्हता. पण चोराकडे जे नव्हते ते चोर पुढच्याला देऊ शकत नाही. भारताच्या १९३० च्या माल विक्री कायद्यातही कलम २७ हेच सांगते: विकणाऱ्याचा हक्क जेवढा, तेवढाच घेणाऱ्याचा.

मिलवॉकीच्या टॅल्बोतला कायद्याचा मुद्दा याहून चलाख होता. कंपनीचे वकील म्हणाले, चोरी २००१ ची, मालक २००५ मध्ये वारला, विस्कॉन्सिनच्या कायद्यात अशा दाव्याला सहा वर्षांची मुदत, तेव्हा वारसाचा दावा केव्हाच बाद झाला. खालच्या कोर्टाने ते मानलेही. पण २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चोरी ही एक आगळीक झाली, आणि खऱ्या मालकाने मागूनही गाडी न देणे ही दुसरी. दुसरीची मुदत नकाराच्या दिवसापासून मोजायची. दावा पुन्हा उभा राहिला. भारतीय मुदतीचा कायदा या बाबतीत जास्त सरळ आहे. १९६३ च्या कायद्याच्या अनुच्छेद ६८ प्रमाणे चोरीला गेलेल्या वस्तूसाठी तीन वर्षे मिळतात, पण ती वस्तू कोणाच्या ताब्यात आहे हे मालकाला प्रथम कळते तेव्हापासून. म्हणजे जुनी गाडी घेणाऱ्याने ‘एवढी वर्षे झाली, आता कोण येतंय’ असा हिशेब मांडू नये.

महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांची गोष्ट चोरीपेक्षा वारसाहक्काने जास्त गुंतते. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात छत्रपतींची मेबॅक गाडी निघते तेव्हा तिची मालकी कोणी विचारत नाही, घराणे आणि गाडी दोन्ही जागच्या जागी आहेत. पण कोल्हापूर १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले, तशी इतरही संस्थाने विलीन झाली, संस्थानांच्या पाट्या जाऊन सरकारी नंबर आले, पुढे १९७१ मध्ये तनखे बंद झाले आणि कित्येक गाड्या मुनीम, ड्रायव्हर, सावकार, गॅरेजवाले यांच्याकडे गेल्या. कोणी पगाराच्या बदल्यात दिली, कोणी दुरुस्तीच्या बिलापोटी सोडली. पावती कोण करतोय! १ जुलै १९८९ पासून ‘एमएच’ची पद्धत आली तेव्हा ‘बीएम’ किंवा ‘एमआर’ने सुरू होणाऱ्या जुन्या नंबरांच्या गाड्यांची नोंद त्या त्या कचेरीतल्या रजिस्टरातच राहिली. आता सगळे वाहन पोर्टलवर आहे, आणि जुन्या रजिस्टरातला मालक ‘बॅकलॉग एंट्री’ करून तिथे चढवावा लागतो. रजिस्टर वाळवीने खाल्ले असेल तर अर्जदाराकडची मूळ आरसी, कर भरल्याच्या पावत्या, विम्याचे जुने कागद हाच आधार.

मालक हयात असेल तर काम सोपे. फॉर्म २९ आणि ३०, विकणाऱ्याची सही, चासीची पेन्सिल प्रिंट. मालक वारला असेल तर फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत. आजोबांच्या नावावरची १९४८ ची मॉरिस म्हटली की आजोबांची चार मुले, त्यांची अकरा नातवंडे, त्यांतली दोन न्यू जर्सीत आणि एक कुणाशी न बोलणारी. एक सही अडली की गाडी अडली. वाद पेटला तर आरटीओ त्यात पडत नाही, वारस दाखल्यासाठी दिवाणी न्यायालयाकडे बोट दाखवते. महाराष्ट्रात असा दाखला अजून मुंबई सरकारच्या १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली मिळतो, म्हणजे आजोबांच्या मॉरिसपेक्षा तो कायदा शंभर वर्षांहून अधिक जुना आहे.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या, मूळ स्वरूप राखलेल्या दुचाकी आणि चारचाकी तीत बसतात. जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो. नवा घ्यायचा तर राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ लागते. पहिल्यांदा २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००. अर्जावर साठ दिवसांत निर्णय व्हावा अशी तरतूद आहे. गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही, रॅली, प्रदर्शन, देखभाल एवढ्यासाठीच बाहेर काढायची. आयात गाडीला सीमाशुल्काचा कागद लागतो, आधी नोंदलेल्या गाडीला जुनी आरसी. म्हणजे इथेही गाडी कुठून आली याचा पहिला कागद दाखवल्याखेरीज दार उघडत नाही, आणि ‘व्हीए’ची पाटी लागली म्हणून चुलत भावाचा दावा फेटाळला जात नाही.

म्हणून पुण्या-मुंबईतले जाणते खरेदीदार बयाणा देण्याआधी एक काम उरकतात. विकणाऱ्यासमोर चासीचा आणि इंजिनाचा पेन्सिल ठसा घेतात, त्यावर तारीख टाकतात, त्याची सही घेतात, आणि तो कागद, आरसीची प्रत आणि पोर्टलवरची नोंद या तिन्हींतला एकेक आकडा बोट ठेवून जुळवतात. बहुतेक व्यवहार इथेच मोडतात. मोडले नाहीत तर मग वारसांची नावे विचारायला सुरुवात होते.